चौथी रूम

१

रविवारी दुपारी चार वाजता मोहिनी गायधनी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडायची, पाण्याचा तांब्या जवळ घ्यायची आणि आतल्या खोलीचं दार लोटून घ्यायची. आत दीपक, तिचा नवरा, झोपलेला असायचा. नाशिकरोड स्टेशनातली घोषणा वारा असेल तशी गॅलरीपर्यंत यायची. त्या तासाभरात तिला कोणी हाक मारायची नाही, असा घरात रिवाजच पडला होता.

शाळेत भूगोल शिकवण्यात तिची उमेदीची वर्षं गेली. नोकरी संपली आणि दुपारी सरेनाशा झाल्या, तेव्हा तिने ही सामान्यज्ञानाची ऑनलाइन स्पर्धा सुरू केली. तीन टीम होत्या: येवला, त्र्यंबक आणि लासलगाव. मोहिनी सगळ्यांसमोर प्रश्न विचारायची. मग प्रत्येक टीम कॉलवरच्या आपापल्या वेगळ्या रूममध्ये जाऊन आपसात खल करायची आणि परत येऊन उत्तर द्यायची. एका रूममधलं बोलणं दुसरीत ऐकू जात नसे. मोहिनी होस्ट, म्हणून तिला मात्र कुठेही डोकावता यायचं. गुण मांडायला अन्सार असायचा. तो पूर्वी तिच्याच शाळेत गणित शिकवायचा, आता मालेगावला होता.

खरं सांगायचं तर तिला स्पर्धेपेक्षा हे डोकावणंच जास्त आवडायचं. येवल्याच्या रूममध्ये नईम आणि रेहाना हे नवरा-बायको हातमागाशेजारी बसून कुजबुजत भांडत. त्र्यंबकची मंडळी निम्मा वेळ चहाच पीत. आणि लासलगावच्या रूममध्ये सावळीराम नाना असायचे. कांद्याच्या लिलावात आयुष्यभर बोली पुकारलेला माणूस, त्यांना हळू बोलणं ठाऊकच नव्हतं. जोडीला त्यांची सून उज्वला. उत्तर बहुतेक वेळा तिला यायचं, आणि नाना ते हाणून पाडायचे.

"नाना, मला वाटतं शुक्र असेल."

"शुक्र नाय, शनी. लिही शनी. मंग व्हईल ते व्हईल."

उत्तर चुकायचं, आणि मग दोघं अशी हसायची की मोबाईल हलायचा. उज्वलाचं शिक्षण लग्नामुळे बारावीलाच सुटलेलं. नवरा ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. तिला हाताला धरून या मोबाईलसमोर बसवलं ते नानांनीच.

२

दिवाळी होऊन गेल्यावरची गोष्ट. मोहिनीने प्रश्न विचारला, टीम आपापल्या रूममध्ये गेल्या. तिच्या पडद्यावर रूमची नावं उमटली. येवला, त्र्यंबक, लासलगाव. आणि त्याखाली आणखी एक ओळ, नाव नसलेली. तिने तर तीनच उघडल्या होत्या.

आपलंच बोट कुठे लागलं असेल म्हणून तिने ती रूम उघडली.

कॅमेरा बंद, नुसता काळा चौकोन. पण आवाज येत होता. जुना पंखा फिरत होता आणि दर फेरीला एका जागी अडखळत होता. कोणीतरी स्टीलचा पेला फरशीवर ठेवला. खालच्या आवाजात बोलणं चालू होतं. लहानशा खोलीत पुष्कळ माणसं मांडीला मांडी लावून बसली असावीत, तसं. शब्द काही लागत नव्हते. मग एक बाई सावकाश म्हणाली, "आल्या बघा. आता नका बोलू."

सगळं थांबलं. पंखासुद्धा.

"कोण आहे?" मोहिनीने विचारलं.

उत्तर आलं नाही. पण तिथे कोणी नव्हतं असंही नाही. श्वास धरून बसलेल्या माणसांची शांतता वेगळी असते. वर्गात शिरणाऱ्या कुठल्याही बाईला ती ओळखता येते. परक्याच्या घरात चपला घालून शिरल्यासारखी मोहिनी घाईने बाहेर आली.

नंतर तिने अन्सारला फोन केला.

"मॅडम, माझ्याकडे तर तीनच दिसत होत्या," तो म्हणाला. "सॉफ्टवेअरचा काहीतरी लोचा असेल. नाहीतर कोणीतरी लिंक पुढे पाठवली असेल. पासवर्ड बदलून टाका, बात खतम."

तिने पासवर्ड बदलला. अन्सारचं म्हणणं पटण्यासारखं होतं आणि तिला पटवून घ्यायचंच होतं.

३

पुढच्या रविवारचा प्रश्न होता: माणसाच्या शरीरातलं सर्वांत लहान हाड कुठे असतं?

टीम गेल्या. चौथी ओळ उमटली. मोहिनी तांब्यातलं पाणी प्यायली आणि तिने ती उघडली.

या वेळी तिची चाहूल कोणाला लागली नसावी. बोलणं चालू राहिलं. पंखा अडखळत फिरत होता. आणि त्या गर्दीतून एक आवाज स्वच्छ आला. "कानात. सगळ्यात बारीक हाड कानात असतं."

सावळीराम नानांचा आवाज. तिने तो इतक्या वेळा ऐकला होता की शंकेला जागा नव्हती. पण नाना हळू बोलत होते. शेजारी कोणी आजारी झोपलं असावं, तसं.

ती तिथून निघाली आणि थेट लासलगावच्या रूममध्ये शिरली. नाना समोर बसलेले, टोपी मागे सरकलेली, तळहात गुडघ्यावर आपटत होते.

"करंगळीत! माणसाला करंगळीपरीस बारीक काय असतंय? लिही."

"नाना, कानात असतं. मी वाचलंय."

"कानात कुठं आलं हाड? कान तर मऊ लागतो."

उत्तर करंगळी गेलं, चुकलं, आणि दोघं नेहमीसारखी हसली. मोहिनीला त्या दिवशी हसू आलं नाही.

चहाच्या वेळी तिने दीपकला सांगितलं. त्याने बिस्किट बुडवलं, खाल्लं आणि मग म्हणाला, "आवाज सारखे असतात गं. रेडिओवर नाही का आपण फसतो?"

"आवाजाचं नाही हो. त्यांना उत्तर येत होतं."

"मग ते नाना नव्हते," दीपक म्हणाला. बोलणं तिथेच संपलं. त्याला वाटलं, समजूत पटली.

गुरुवारी अन्सारचा फोन आला. सावळीराम नाना गेले. बाजार समितीच्या आवारात कोणाच्या तरी ट्रॅक्टरला टेकून उभे होते, बोलता बोलता खाली बसले, ते उठलेच नाहीत.

४

मोहिनी आणि दीपक भेटायला लासलगावला गेले. घर गावाच्या कडेला, मागे कांदे साठवायची चाळ. मधल्या खोलीत नानांची बायको मैनाबाई भिंतीला पाठ लावून बसली होती. बोलता बोलता मोहिनीची नजर वर गेली. पंखा नवा होता आणि बिनआवाज फिरत होता. का कोण जाणे, तिला हायसं वाटलं.

उज्वला तिला सोडायला फाटकापर्यंत आली. डोळे सुजलेले होते.

"ताई, स्पर्धा बंद नका करू. मी एकटी खेळेन."

"घाई नाही, उज्वला. सावकाश ये."

"घाई नाही, पण त्यांच्याशिवाय या घरात माझ्याशी बोलणारं कोणी नव्हतं. आई चांगल्या आहेत, पण त्यांना बोलायची सवय नाही. रविवारी चार वाजले की मी काय करू, ते सांगा."

"बंद नाही करणार," मोहिनी म्हणाली. तीही त्याच दुखण्याची होती.

नानांचे विधी आटोपल्यावर उज्वला स्पर्धेला आली. मोबाईलसमोर एकटीच, मधोमध बसण्याऐवजी सवयीने एका कडेला. शेजारची जागा तशीच रिकामी. टीम रूममध्ये गेल्या, तशी मोहिनी तिच्याकडे डोकावली.

"ताई, नाना असते तर आताही काहीतरी भलतंच सांगून बसले असते," उज्वला हसत म्हणाली. "एकही उत्तर बरोबर नाही आलं त्यांना कधी."

मोहिनीच्या तोंडून निघून गेलं. "येत होतं त्यांना. मी ऐकलंय."

"कुठे?"

काहीतरी थातूरमातूर सांगून वेळ मारून नेता आली असती. पण समोर ती मुलगी अशी पाहत होती की खोटं बोलवेना. तिने सगळं सांगितलं. रूम, पंखा, नानांचा हळू आवाज.

उज्वला घाबरेल असं तिला वाटलं होतं. उज्वलाने फक्त विचारलं, "आत्ता आहे ती रूम?"

मोहिनीने पाहिलं. होती.

"मला पाठवा तिथे."

"नको, उज्वला. ते काय आहे मलाच ठाऊक नाही."

"नाना असतील तर मला काय भीती, ताई? आणि नसतील तर रिकामी रूम. परत येईन. एकदा पाठवा. पुन्हा नाही मागणार."

होस्टला कोणालाही एका रूममधून दुसरीत हलवता येतं. नावावर बोट ठेवायचं, रूम निवडायची, एवढंच काम. मोहिनीने मनात म्हटलं, सॉफ्टवेअर आहे, दुसरं काय आहे. आणि बोट ठेवलं.

उज्वलाचा चौकोन पडद्यावरून गेला.

आपणही मागोमाग जावं असं मोहिनीला वाटलं. पण बापलेकीसारख्या दोघांच्या बोलण्यात आपण कशाला, म्हणून ती थांबली. नंतर तिने स्वतःला विचारलं तेव्हा तिला कबूल करावं लागलं, की ती भ्याली होती.

वेळ संपली. सगळ्या रूम मिटल्या. येवला आलं, त्र्यंबक आलं. लासलगावचा चौकोन सर्वांत शेवटी उमटला. उज्वला मधोमध बसली होती.

"काही नव्हतं ताई," ती म्हणाली. "रिकामी होती."

मग तिने प्रश्नाचं उत्तर दिलं. बरोबर होतं.

५

त्यानंतर लासलगावची टीम चुकलीच नाही.

अन्सार खूश होता. "मॅडम, उज्वलाने तर कमाल केली. एकटी तिन्ही टीमना भारी पडते," तो म्हणाला, आणि लगेच स्वतःला दुरुस्त केलं, "म्हणजे दोन. टीम दोनच उरतात ना तिच्यासमोर." येवल्याची रेहाना म्हणाली, "काय खाते गं तू, आम्हालाही सांग." उज्वला हसली. हसताना तोंड उघडलं नाही.

मोहिनी चौथ्या रूमकडे फिरकली नाही. ओळ दर रविवारी उमटायची, ती दुसरीकडे पाहायची. उज्वलाच्या रूममध्ये मात्र जायची आणि तिथे तिला काहीतरी खुपायचं. पूर्वी उज्वला "मला वाटतं" म्हटल्याशिवाय उत्तर सांगत नसे. आता ती विचारच करत नव्हती. एकटी, हात मांडीवर ठेवून, वेळ संपायची वाट पाहत बसायची. कधी प्रश्नाचं शेवटचं वाक्य मोहिनीच्या तोंडात असतानाच तिचे ओठ हलून गेलेले असायचे.

माणूस दुःखाने गंभीर होतो, अभ्यासाला लागतो, मोहिनी स्वतःला सांगायची. शाळेत किती मुली पाहिल्या तशा.

एका रविवारी त्र्यंबकच्या रूमवर ठेवायला गेलेलं बोट खाली सरकलं आणि ती रूम उघडली गेली. निदान तिने स्वतःला तसं सांगितलं.

पंखा. दाटीवाटी. आणि अगदी जवळून, फोनला तोंड लावून बोलावं तसं:

"ताई? ताई, तुम्ही आहात का? मला वाटतं तुम्हीच आहात."

मोहिनीने लॅपटॉपचा आवाज वाढवला.

"ताई, मला बाहेर घ्या. नाना नाहीत इथे. त्यांचा नुसता आवाज आहे. इथे सगळ्यांचे नुसते आवाज आहेत. मी तुम्हाला किती रविवार हाका मारतेय. मला घ्या ना बाहेर."

मोहिनीने रूममधल्या माणसांची नावं पाहिली. एकच नाव होतं, तिचं स्वतःचं. उज्वलाचं नाव लासलगावच्या रूममध्ये होतं. तिने सगळ्या रूम बंद केल्या, सगळ्यांना परत बोलावलं. चौकोन एकेक करून उमटले. लासलगावच्या चौकोनात उज्वला मधोमध बसून कॅमेऱ्यात पाहत होती.

"लवकर बोलावलंत, ताई," ती हळू म्हणाली.

६

पुढचा रविवार मोहिनीने घरी काढला नाही. सकाळीच बस धरून ती लासलगावला गेली. दीपकला सांगितलं, मैनाबाईंना भेटून येते. तेही खोटं नव्हतं.

मैनाबाई अंगणात गहू निवडत होती. मोहिनी शेजारी बसली.

"सून कशी आहे, मावशी?"

"लय गुनाची झाली," मैनाबाई म्हणाली. सुपातून नजर काढली नाही. "काय सांगाया लागत नाय. मला तहान लागायच्या आंदी पानी आनून देती. भाजीत मीठ कमी नाय, जास्त नाय. पोरगा येऊन गेला, त्योबी म्हनला, आये, उज्वला आता भांडत नाय."

"मग बरंच आहे की."

मैनाबाईने एक खडा बाजूला टाकला. "माझ्याशी बोलती तवा माझ्याकडं बघत नाय, बाई. माझ्या मागं बघती. आन् नानाचा फोटू हाय ना आत, त्याला हार घालायला सांगितला तर मला म्हनली, कोन हे?"

चार वाजता मोहिनी मधल्या खोलीत खाटेवर बसली. लॅपटॉप आणला नव्हता, फोनवरूनच कॉल सुरू केला आणि कानांत इअरफोन घातले. उज्वला शेजारी येऊन बसली, तिचा मोबाईल समोर खिडकीत उभा केलेला. दोघींच्या मध्ये वीतभर अंतर असेल. मोहिनीला वाटलं, अंगाची ऊब लागेल. लागली नाही.

तिने प्रश्न विचारला. कोणता, ते तिला नंतर आठवेना. टीम गेल्या. चौथी ओळ उमटली. तिने ती उघडली आणि फोन छातीशी धरला.

"ताई?" कानात उज्वला म्हणाली. रडून रडून घसा बसलेला. "ताई, आज तुम्ही जवळ वाटता. कुठे आहात?"

"तुझ्या घरी," मोहिनी पुटपुटली.

शेजारच्या उज्वलाने मान वळवली नाही. हात मांडीवर होते.

कानातला आवाज अगदी लहान होऊन म्हणाला, "तुमच्याशेजारी कोण बसलंय?"

मोहिनीला मान फिरवून पाहायचं होतं, आणि मानेने ऐकलं नाही. डोळ्याच्या कोपऱ्यातून तिला हिरव्या साडीचा काठ दिसत होता, बांगड्या दिसत होत्या, मनगट दिसत होतं. त्याच्या वर तिने पाहिलं नाही. मनगट उचललं गेलं, तिच्या गळ्याजवळ आलं, आणि दोन बोटांनी इअरफोनची वायर धरून सावकाश फोनमधून उपटून काढली.

"उत्तर आलंय, ताई," शेजारून हळू आवाज आला. "चला परत."

पण वायर निघाली तसा फोनचा स्पीकर सुरू झाला. खोलीभर हाक गेली. "आई! आई, मी इथं आहे!"

"आले गं," मैनाबाई अंगणातून म्हणाली. सून हाक मारते तेव्हा सासू जशी ओ देते, तशीच, विचार न करता. पदराला हात पुसत ती उंबऱ्यात आली. खाटेवर बसलेल्या सुनेकडे तिने एकदा पाहिलं. मग तिच्यावरून नजर काढून ती सरळ मोहिनीच्या हातातल्या फोनकडे चालत आली.

"दे," ती म्हणाली.

मोहिनीने फोन दिला. मैनाबाईने तो कानाला लावला आणि खाली फरशीवर, खाटेकडे पाठ करून बसली.

"बोल, माझे बाई," ती म्हणाली. "हाय मी."

वेळ संपली तशी खिडकीतल्या मोबाईलवर माणसं परत आली. येवला, त्र्यंबक, गुण मांडणारा अन्सार. "मॅडम? मॅडम, आवाज येत नाही तुमचा," अन्सार म्हणत होता. मोहिनीने उठून तो मोबाईल बंद केला. मग मैनाबाईच्या खांद्यावरून वाकून तिने आपल्या फोनकडे पाहिलं. पडदा काळा होता. कॉल तुटला होता.

"मावशी, संपलं ते."

"नाय," मैनाबाई कानावरचा फोन न काढता म्हणाली. "बोलती अजून."

खाटेवरची बाई उठली. तिने हात पुढे केला. "द्या, आई. ताईंचा फोन आहे. त्यांना घरी जायचंय."

मैनाबाईने फोन दोन्ही हातांनी धरला आणि कानाशी आणखी दाबला. तिचे डोळे वाहत होते आणि ती मान हलवत होती. कोणीतरी पुष्कळ दिवसांचं साठलेलं सांगत असावं आणि ती ऐकून घेत असावी, तशी.

मोहिनीने फोन मागितला नाही. तिने पिशवी उचलली, चपला पायात अडकवल्या आणि फाटकाबाहेर पडली. मागून कोणी तिला सोडायला आलं नाही.

घरी आल्यावर फोन कुठे म्हणून दीपकने विचारलं. लासलगावला राहिला, ती म्हणाली. त्याने आपल्या फोनवरून तिचा नंबर लावला. मग सोमवारी लावला, मंगळवारी लावला. नंबर चालू आहे, तो म्हणाला, फक्त कधी पाहावं तेव्हा कोणाशी तरी बोलण्यात गुंतलेला लागतो.